पुढची लेन्स कशी निवडावी: किट लेन्सच्या पुढे जाऊ पाहणाऱ्या छायाचित्रकारासाठी

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मि.मी.ची किट लेन्स हातात बसली, ऑटो मोड सुटला, रॉ फाइलवर काम करता येऊ लागलं, की पुढच्या लेन्सचा प्रश्न येतोच. ग्रुपवर विचारलं तर दहा जण दहा लेन्सेस सांगतात आणि त्यातलं कुणीच चुकीचं नसतं, कारण प्रत्येक जण आपापल्या फोटोंपुरतं उत्तर देत असतो. भिगवणला पहाटे होडीत बसणारा, वारीत दिवे घाट चढणारा आणि आंबोलीत पावसाळी रात्री बेडूक शोधणारा, या तिघांच्या बॅगा सारख्या असूच शकत नाहीत. म्हणून या लेखात उत्तम लेन्सेसची यादी नाही. आपली अडचण आधी ओळखायची, ती आकड्यांत मांडायची आणि मगच दुकानात पाऊल टाकायचं, असा क्रम आहे. तो पाळला तर पैसे वाचतात, आणि घेतलेली लेन्स कपाटात पडून राहत नाही.

आधी जुने फोटो उघडा

प्रत्येक डिजिटल फोटोत फोकल लेंथ (लेन्सचा पल्ला, मि.मी.मध्ये), ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र), शटर स्पीड आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) यांची नोंद असते. लाइटरूम क्लासिकच्या लायब्ररीत मेटाडेटा फिल्टर लावून फोकल लेंथचा रकाना उघडा. कुठल्या फोकल लेंथला किती फोटो ते समोर येतं. लाइटरूम नसेल तर डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअरही चालतं. मात्र सगळे फोटो मोजू नका. गेल्या वर्षभरात तुम्हाला स्वतःला आवडलेले, जपून ठेवलेले तेवढेच घ्या.

किट लेन्सवाल्या बहुतेकांना दोन ढीग दिसतात, एक १८ ला आणि एक ५५ ला. यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. ५५ च्या ढिगातले फोटो किती कापलेत ते पाहा. निम्म्याहून जास्त चौकट कापून टाकली असेल तर लांब पल्ल्याची गरज खरी आहे. काप नाममात्र असेल तर तुम्हाला त्या पल्ल्यात मोठं ॲपर्चर हवं आहे. १८ च्या ढिगातही तसंच: कडेला काही कापलं गेल्याची चुटपुट लागते का, की केवळ कॅमेरा सुरू केल्यावर लेन्स १८ वर होती म्हणून फोटो १८ वर निघाले?

आता फसलेले फोटो काढा. माझ्या मते लेन्स निवडण्याचा खरा अभ्यास इथे होतो, आणि नेमका तोच बहुतेक जण टाळतात. प्रत्येक फसलेल्या फोटोकडे शंभर टक्के झूम करून पाहा. मागची भिंत स्पष्ट पण माणूस फराटा झालेला असेल तर शटर स्पीड विषयाच्या हालचालीला पुरला नाही. सगळंच सारखं हललेलं असेल तर हात हलला. चेहऱ्याऐवजी मागचं झाड धारदार असेल तर फोकस चुकला. सगळं जिथल्या तिथे, स्पष्ट, पण पक्षी एवढासा दिसत असेल तर पल्ला कमी पडला. यातली पहिली अडचण कधी लेन्सने सुटते, कधी नुसता आयएसओ वाढवून सुटते. फोकस चुकण्याची अडचण बहुतेक वेळा फोकस पॉइंट आणि फोकस मोड शिकून सुटते, नवी लेन्स घेऊन सुटत नाही.

हे झाल्यावर वहीत एकच वाक्य लिहा: "मला अमुक ठिकाणी, अमुक विषयाचा, अमुक कारणाने फोटो मिळत नाही." पुढचा सगळा हिशोब या वाक्याचा आहे.

बॉडीवर काय बसतं आणि काय चालतं

सेन्सरचा आकार आधी डोक्यात पक्का असावा. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मि.मी. निकॉन, सोनी आणि फुजीच्या क्रॉप बॉडीत, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात, सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मि.मी. असतो, म्हणजे क्रॉप १.५. कॅननचा क्रॉप १.६ आणि मायक्रो फोर थर्ड्‌सचा २. ५० मि.मी. लेन्स निकॉनच्या क्रॉप बॉडीवर फुल फ्रेमवरच्या ७५ इतकी चौकट दाखवते. लेन्स तीच राहते, चौकट लहान होते एवढंच. क्रॉपसाठी बनवलेल्या लेन्सवरसुद्धा फोकल लेंथ खरीच छापलेली असते, त्यामुळे १८ म्हणजे १८; मनात गुणाकार दोन्हीकडे सारखाच करायचा.

माउंट म्हणजे बॉडी आणि लेन्स जिथे जोडतात ती कडी. तिच्या बाबतीत सेकंड हँड घेणारे जास्त फसतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा आहे, पण त्यावर बसणारी प्रत्येक लेन्स प्रत्येक बॉडीवर ऑटोफोकस करत नाही. जुन्या एएफ-डी लेन्सेसना फोकसची मोटर बॉडीत लागते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये ती नाही. उलट नव्या एएफ-पी लेन्सेस डी९० किंवा डी७००० सारख्या जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत. झेड मालिकेतल्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) एफटीझेड ॲडॉप्टर लावला तर मोटर आतच असलेल्या एएफ-एस लेन्सेस व्यवस्थित चालतात, एएफ-डी मात्र हाताने फोकस कराव्या लागतात. कॅननकडे हे सोपं आहे. १९८७ पासूनच्या ईएफ लेन्सेस ॲडॉप्टर लावून आरएफ माउंटच्या बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. म्हणून कॅनन मिररलेसवाल्याने सेकंड हँड ईएफ बाजार जरूर पाहावा. डीएसएलआर (आरसा असलेले कॅमेरे) सोडणाऱ्यांमुळे तिथे चांगल्या लेन्सेस परवडणाऱ्या भावात येतात.

सोनीच्या ई माउंटवर सिग्मा, टॅमरॉनच्या लेन्सेसची निवड मोठी आहे. कॅननच्या आरएफ माउंटवर या दोघांच्या ऑटोफोकसवाल्या लेन्सेस २०२४ पासून येऊ लागल्या, त्याही क्रॉप बॉडीसाठीच्या. पुढची बॉडी कुठली घ्याल याचा थोडा अंदाज असेल तर लेन्स त्या बाजूने घ्या. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, चांगली लेन्स तीन बॉडींना पुरते.

प्रकाशाचा हिशोब

एफ नंबर म्हणजे ॲपर्चरचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं. त्यांची मालिका पाठच असावी: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येक पायरीला, म्हणजे स्टॉपला, प्रकाश निम्मा होतो. एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आलात की दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाश. एफ/५.६ वरून एफ/१.८ वर आलात तर जवळजवळ दहापट.

याचा अर्थ नाटकाच्या रंगमंचावर पाहू. समजा १८-५५ पूर्ण लांबवली आहे. एफ/५.६ च्या खाली जाता येत नाही. आयएसओ ६४०० ठेवून १/६० मिळतोय, आणि हातवारे करणारा नट १/६० वर पुसट होतोच. त्याच जागेवरून ५० मि.मी. एफ/१.८ ने आयएसओ ३२०० वर साधारण १/३०० मिळेल. नट स्थिर, आणि नॉइजही (फोटोतले रवाळ ठिपके) कमी. एफ/२.८ चा झूम असता तर ६४०० ला १/२५० मिळाला असता. हा हिशोब कागदावर मांडला की "फास्ट लेन्स हवी" हे मोघम वाक्य उरत नाही. किती फास्ट हवी ते कळतं.

इथे स्टॅबिलायझेशनचा गैरसमज दूर करायला हवा. निकॉन त्याला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी, सोनी ओएसएस. काम एकच, तुमच्या हाताचा कंप कमी करणं. अजिंठ्याच्या लेण्यात फ्लॅशला मनाई आहे आणि भित्तिचित्र हलत नाही, तिथे हे वरदान आहे. लेझीम खेळणाऱ्या मुलीला ते थांबवू शकत नाही. विषय हलत असेल तर ॲपर्चर, विषय स्थिर असेल तर स्टॅबिलायझेशन, एवढं लक्षात ठेवलं तरी अनेक महाग निर्णय टळतात.

मोठ्या ॲपर्चरची किंमत वजनातही मोजावी लागते. निकॉनची ७०-२०० एफ/२.८ ई साधारण १४३० ग्रॅम आहे, तिची एफ/४ बहीण ८५०. कॅननच्या आरएफ माउंटमध्ये तेच १०७० आणि ६९५. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायचा असेल तर पाणी, दोर आणि शिधा घेतल्यावर हा अर्धा किलो फार मोठा असतो. कोकणकड्यावरून एफ/८ वरच फोटो काढणार असाल, तर एफ/२.८ चं ओझं कशासाठी वाहायचं?

पल्ला किती हवा

पक्ष्यांसाठी "जितकी लांब तितकी चांगली" असं सर्रास सांगतात. त्याऐवजी एक सोपं सूत्र वापरा. विषयाची लांबी गुणिले फोकल लेंथ भागिले अंतर, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा. सगळं मिलिमीटरमध्ये घ्या.

छोटा खंड्या चोचीसकट साधारण १६५ मि.मी. तो १० मीटरवर, म्हणजे १०,००० मि.मी.वर बसलाय. ३०० मि.मी. लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा ५ मि.मी. पडते. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर आडवे ६००० पिक्सेल असतात, त्यातले खंड्याच्या वाट्याला साधारण १२५० येतात. पिसांचा तपशील दिसेल इतपत हे ठीक आहे. ६०० ने २५०० येतील आणि छापायलाही पुरतील. ५५ ने सव्वादोनशे. हाच खंड्या ५ मीटरवर आला तर ३०० ची लेन्स ६०० चं काम करते, म्हणूनच लपण्यात शांत बसण्याचा सराव हा सगळ्यात स्वस्त टेलिफोटो आहे.

आता ताडोबा. वाघाचं डोकं आणि धड मिळून १.८ मीटर धरा. जिप्सीपासून तो २० मीटरवर आडवा उभा असेल तर २०० मि.मी. लेन्सने प्रतिमा १८ मि.मी. येते आणि क्रॉपची २३.५ मि.मी.ची चौकट भरत येते. ६०० ने तीच ५४ मि.मी. होईल, म्हणजे डोकं आणि खांदा सोडून बाकी वाघ चौकटीबाहेर. तिथे ७०-३०० किंवा १००-४०० सारखा झूम ६०० च्या प्राइमपेक्षा (एकाच फोकल लेंथच्या, झूम नसलेल्या लेन्सपेक्षा) उपयोगी पडतो. सफारीची पहिली वेळ पहाटेची, प्रकाश कमी असतो, आणि जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. तांदूळ भरलेली बीन बॅग सळईवर ठेवली की काम होतं.

भिगवणला उजनीच्या पाणलोटात रोहित (फ्लेमिंगो) उंच, उघड्यावर आणि थव्याने असतात, त्यामुळे ३०० नेही छान फोटो मिळतात. एकट्या ऑस्प्रेने मासा उचललेला टिपायचा तर ४०० च्या पुढे जावं लागतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे फोकस झटपट व्हावा लागतो. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. त्या थरथरीतून कुठलीच लेन्स, कितीही महाग असो, धारदार फोटो काढू शकत नाही. लांबच्या लेन्सला नावं ठेवण्याआधी फोटोची वेळ पाहा.

या पल्ल्यात हौशी माणसाला परवडतील अशा लेन्सेस गेल्या काही वर्षांत खूप आल्या. निकॉन एफ माउंटवर २००-५०० एफ/५.६ ही २०१५ पासूनची, पट्ट्यासकट २.३ किलो. सिग्माच्या डीएसएलआरसाठीच्या १५०-६०० च्या दोन आवृत्त्या आहेत; कंटेम्पररी साधारण १.९ किलो, स्पोर्ट्‌स २.९ किलोच्या आसपास. हातात धरून उडते पक्षी टिपायचे तर कंटेम्पररीच घ्यावी असं मला ठामपणे वाटतं. सोनीची २००-६०० झूम फिरवताना लांब होत नाही, त्यामुळे तिचा तोल कायम राहतो. कॅननची आरएफ १००-४०० एफ/५.६-८ फक्त ६३५ ग्रॅमची आहे. सकाळच्या उन्हात ती फार आनंद देते, पण दाट जंगलात एफ/८ वर आयएसओ झपाट्याने वाढतो.

लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून पल्ला वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरचा मोह होईल. १.४ पटीचा एक स्टॉप खातो, २ पटीचा दोन. एफ/६.३ च्या झूमवर तो लावला तर बऱ्याच डीएसएलआरचा फोकस चाचपडतो. एफ/२.८ किंवा एफ/४ च्या लेन्सवरच तो लावावा.

वाइड: जवळचं मोठं दाखवण्यासाठी

वाइड लेन्सने "जास्त मावतं" हे खरं, पण कड्यावर उभं राहून १० मि.मी.ने समोरची दरी टिपली तर डोंगर मुंगीएवढे होतात. वाइडची गंमत समोर काहीतरी अगदी जवळ असताना येते. कासच्या पठारावर १२ मि.मी. आणि एफ/८ वर क्रॉप बॉडीने साधारण ९० सें.मी.वर फोकस ठेवला, तर ४५ सें.मी.पासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पुढ्यात सोनकी, मागे ढग. त्यासाठी एफ/२.८ ची गरज नाही. कॅननची ईएफ-एस १०-१८ आणि निकॉनची एएफ-पी १०-२० या दोन्ही साधारण पाव किलोच्या आहेत, आणि मोठ्या ॲपर्चरच्या वाइडपेक्षा कितीतरी स्वस्त. फुलांवर पाय न देता, पायवाटेवरूनच हे सगळं करायचं आहे हे सांगायला नको. जवळ जाता येत नसेल तिथे ७०-२०० काढून फुलांचे थर एकावर एक येऊ द्या. सह्याद्रीच्या निळ्या डोंगररांगा तर टेलीनेच खुलतात.

मोठ्या ॲपर्चरची वाइड लागते ती ताऱ्यांसाठी. आकाशगंगेचा मध्य आपल्याकडे पावसाळ्याआधी, फेब्रुवारीअखेर ते मे या काळात पहाटे किंवा उत्तररात्री छान दिसतो. तारे रेघा न होता टिपायचे तर ५०० ला फोकल लेंथ आणि क्रॉपच्या गुणाकाराने भागा. १२ मि.मी. आणि १.५ क्रॉपला साधारण २८ सेकंद येतात. आजच्या जास्त पिक्सेलच्या सेन्सरवर हे जरा सैल पडतं, २० सेकंदांपर्यंतच थांबा. एवढ्या वेळात एफ/४.५ ने पुरेसा प्रकाश येत नाही, एफ/२.८ किंवा त्याहून मोठं हवं. सेकंड हँड टोकिना ११-१६ एफ/२.८ या कामाला अजूनही उत्तम आहे.

मॅक्रो

डब्यावर मॅक्रो लिहिलंय म्हणून ती मॅक्रो होत नाही. १:१ लिहिलंय का ते पाहा, म्हणजे १० मि.मी.चा किडा सेन्सरवर १० मि.मी.चाच पडेल. अनेक झूम लेन्सेसवर मॅक्रो छापलेलं असतं आणि प्रमाण १:३ किंवा १:४ असतं. फुलपाखराला ते पुरतं, मुंगीला नाही.

दुसरा आकडा कामाच्या अंतराचा. कमीत कमी फोकसचं अंतर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या तोंडापासून नव्हे. ६० मि.मी.च्या मॅक्रोने १:१ ला जाता तेव्हा लेन्सच्या तोंडापासून विषय जेमतेम ५ ते १० सें.मी.वर असतो आणि लेन्सचीच सावली त्याच्यावर पडते. १०० किंवा १०५ ने १३-१५ सें.मी. मिळतात. आंबोलीत चापड्यासारखा विषारी साप समोर असू शकतो, तिथे तर हे अंतरही पुरेसं नाही. सापासाठी मागे सरका आणि ३०० लावा.

१:१ ला, एफ/११ वरसुद्धा, फोकसची खोली क्रॉप बॉडीत १ मि.मी.हून कमी असते. म्हणून मॅक्रोत ऑटोफोकस किती वेगवान यावर पैसे घालवू नका. फोकस हाताने ठेवून शरीर पुढे-मागे करणं हीच पद्धत. वाचलेल्या पैशात फ्लॅश आणि त्याचा प्रकाश मऊ करणारा डिफ्यूजर घ्या. सुरुवात करायचीच असेल तर रेनॉक्स डीसीआर-२५० ही क्लोजअप लेन्स टेली झूमच्या तोंडावर अडकवून महिनाभर पाहा. आवड टिकली तर मॅक्रो घ्या.

झूम की प्राइम

वारीत, जत्रेत, मिरवणुकीत झूम. पालखीच्या गर्दीत पाय हलवायला जागा नसते, वरून पाऊस, आणि लेन्स बदलायला कॅमेरा उघडणं म्हणजे सेन्सरवर थेंब घेणं. जेजुरीला भंडारा उधळत असताना तर बॉडी उघडूच नये; हळदीची ती पूड सगळीकडे शिरते. क्रॉप बॉडीसाठी १७-५० किंवा १८-५० एफ/२.८ हा किट लेन्सला सगळ्यात सरळ पर्याय. सिग्माची मिररलेससाठीची १८-५० एफ/२.८ तीनशे ग्रॅमच्याही आत आहे, ती लावून दिवसभर चालताना मान दुखत नाही.

घरातली माणसं, लहान मुलं, संध्याकाळची गल्ली यासाठी प्राइम. क्रॉपवर घराच्या खोलीत ५० मि.मी. लांब पडते, पाठ भिंतीला टेकते; ३५ एफ/१.८ जास्त चालते. चेहऱ्यांसाठी मात्र ५० छान. कॅननची ५० एफ/१.८ ही १६० ग्रॅमची लेन्स बहुतेकांची पहिली प्राइम असते आणि ते योग्यच आहे. कोणती घ्यावी हे ठरत नसेल तर १८-५५ आधी ३५ वर ठेवून आठवडाभर झूमला हात लावू नका, मग ५० वर ठेवून तसंच करा.

एफ/२.८ च्या तीन झूम, म्हणजे १६-३५, २४-७० आणि ७०-२००, पुऱ्या केल्याशिवाय माणूस गंभीर नाही असा एक समज आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला उद्या काय समोर येईल ठाऊक नसतं, त्याला तिन्ही लागतात. तुम्ही काय टिपणार ते तुमच्या हातात आहे. एका विषयाला वाहिलेल्या दोन लेन्सेस पुरतात.

तक्ते आणि चाचण्या किती मानायच्या

लेन्स तपशील आणि कॉन्ट्रास्ट किती टिकवते हे दाखवणारे एमटीएफचे तक्ते कंपन्या देतात. आडव्या अक्षावर चौकटीच्या मध्यापासूनचं अंतर, उभ्या अक्षावर तपशील किती टिकतो ते. मिलिमीटरला १० रेषांची रेघ वर असेल तर कॉन्ट्रास्ट चांगला, ३० रेषांची वर असेल तर बारकावे चांगले, आणि रेघ उजवीकडे कोसळली तर कोपरे मऊ. एकाच कंपनीच्या दोन लेन्सेस ताडून पाहायला हे ठीक. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने दोन कंपन्यांचे तक्ते शेजारी ठेवू नयेत. पक्ष्याचा फोटो काढणाऱ्याला कोपऱ्याशी देणंघेणं नसतं, निसर्गचित्रवाला एफ/८ वर जातो आणि तिथे बहुतेक लेन्सेस सारख्याच होतात. एफ/१६ च्या पुढे मात्र विवर्तनामुळे महागडी लेन्सही मऊ होते, त्यात लेन्सचा दोष नाही.

त्यापेक्षा भाड्याने घेऊन पाहा. पुण्या-मुंबईत आणि इतर मोठ्या शहरांत लेन्स भाड्याने मिळते. शनिवार-रविवार ती तुमच्याच जागी, तुमच्याच विषयावर वापरा. वजन झेपतं का, झूमची रिंग ओल्या हाताने फिरते का, बॅगेत मावते का, हे कुठल्याच चाचणीत कळत नाही. परत केल्यानंतर चार दिवसांनी तिची आठवण येते का, तेही पाहा.

सेकंड हँड घेताना

आपल्या हवेत पहिली तपासणी बुरशीची. दोन्ही झाकणं काढा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे म्हणजे बुरशी. धुकट पडदा दिसला तर हेझ. धुळीचे चार-दोन कण चालतात, त्याने फोटोत काही दिसत नाही. धागे दिसले की भाव पाडायचा विचारही करू नका, लेन्स परत द्या. काचेच्या लेपाला ती खाते आणि साफ करूनही डाग उरू शकतात.

नंतर स्वतःच्या बॉडीवर लावून फोकस जवळून लांब, लांबून जवळ दहा-वीस वेळा फिरवा आणि आवाज ऐका. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चमकतंय का ते पाहा. माउंटच्या स्क्रूंवर ओरखडे असतील तर लेन्स उघडलेली आहे. झूम खाली तोंड करून धरली की आपोआप घसरते का तेही पाहा.

काच वाकडी बसली आहे का हे तपासायला दूरची एखादी खिडक्यांची इमारत निवडा. ॲपर्चर पूर्ण उघडं, ट्रायपॉडवर कॅमेरा, आणि तीच खिडकी चारही कोपऱ्यांत आणून चार फोटो. तीन कोपरे स्पष्ट आणि एक मऊ आला तर ती लेन्स सोडा. नवी लेन्स घेतल्यावरही हीच चाचणी बदलून मिळण्याच्या मुदतीत करून घ्यावी. डीएसएलआर असेल तर फोकस पुढे-मागे पडतो का हे वेगळं पाहावं लागतं. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच ठरत असल्याने तो प्रश्न सहसा येत नाही.

बिल, सिरियल नंबर आणि भारतातली वॉरंटी मागा. बाहेरून आणलेली लेन्स स्वस्त पडते, पण इथलं सर्व्हिस सेंटर तिची वॉरंटी मानेलच असं नाही.

फिल्टर, हूड आणि पावसाळा

फिल्टरचा व्यास लेन्सच्या झाकणामागे लिहिलेला असतो. सगळ्यात मोठ्या व्यासाचा एकच चांगला पोलरायझर घ्या आणि लहान लेन्सेससाठी स्टेप-अप रिंग वापरा. ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चमक तो काढतो. पावसाळी सह्याद्रीत दुसरा कुठलाही फिल्टर एवढा उपयोगी नाही. लेन्सच्या तोंडावर बसणारा हूड मात्र कायम लावलेला असावा. उन्हापेक्षा तो आपटण्यापासून जास्त वाचवतो.

वेदर सीलिंगचा अर्थ तुषार आणि धूळ, धो धो पाऊस नव्हे. माउंटभोवती रबराची कड दिसते का ते पाहा, आणि बॉडीही तशीच सील केलेली नसेल तर त्या कडेचा उपयोग अर्धाच. एसी गाडीतून एकदम बाहेर काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून पोहोचण्याच्या अर्धा तास आधीच एसी बंद करा किंवा बॅग मिटलेली ठेवून बाहेरच्या हवेला येऊ द्या.

घरी आल्यावर लेन्स कपड्यांच्या कपाटात किंवा चामड्याच्या खोक्यात ठेवू नका. ड्राय कॅबिनेट असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. फार कोरडं केलं तर वंगण आणि रबर खराब होतं. कॅबिनेट परवडत नसेल तर रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा, त्यात छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल एवढं पुरतं. केशरी दाण्यांचं जेल घ्या, निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो. दाण्यांचा रंग बदलला की ते वेगळ्या, स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात मंद आचेवर सुकवून पुन्हा डब्यात भरा. कोकणात राहत असाल तर जून ते सप्टेंबर हे काम दर आठवड्याचं समजा.